नाव घातलेलं ताट

नाशिकला गंगापूर रोडवर आईची सोसायटी आहे. चौदा वर्षांपूर्वी मी इकडे जर्मनीत, श्टुटगार्टला आलो तेव्हा तिच्या गच्चीवरून द्राक्षाचे मळे दिसायचे, आता समोरच्या टॉवरमधले वाळत घातलेले टॉवेल दिसतात. तर या सोसायटीने गेल्या महिन्यात ठराव केला: घरकामाला येणाऱ्या प्रत्येक बाईने रक्त तपासून रिपोर्ट सेक्रेटरींकडे जमा करायचा.

निमित्त पोळ्यांच्या मावशी. हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत त्यांना हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताचा विषाणूजन्य आजार, निघाला. सुट्टी मागताना त्यांनी खरं कारण एका वहिनींना सांगितलं. खोटं सांगितलं असतं तर आज चारही घरची कामं टिकली असती. संध्याकाळपर्यंत बेचाळीस फ्लॅटना बातमी कळली आणि सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा पेटली. "त्यांच्याबद्दल वाईट वाटतं, पण घरात लहान मुलं आहेत." "कावीळ ती कावीळ, ए काय नि बी काय." एकाने लिव्हर डीटॉक्सच्या काढ्याची कृती टाकली. मी इथल्या लोकलमधून, एस-बानमधून, बाड कानश्टाट स्टेशन येईपर्यंत भलामोठा मेसेज लिहिला. त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं उत्तर, हात जोडून: "तिथे बसून बोलणं सोपं आहे."

हे वाक्य मला तीन आठवडे चावतंय.

कावीळ हा शब्दच मुळात घोटाळ्याचा आहे. सातवीत असताना मला कावीळ झाली होती. वडील सातपूरला मायको कंपनीत होते, आम्ही कामगार वस्तीत राहायचो. शेजारच्या काकूंच्या सल्ल्याने आई मला पंचवटीत एका बाबांकडे घेऊन गेली. त्यांनी डोक्यावर माळ ठेवली, हात चुन्याच्या पाण्यात धुतले, पाणी पिवळं झालं आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. दीड महिन्यात मी बरा झालो. ती दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए असणार, ती बहुतेकांची आपोआपच बरी होते. श्रेय माळेला गेलं. बी आणि सीचं गाव वेगळं. ते रक्तातून, दूषित सुयांतून, शरीरसंबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला जातात. कणकेतून जात नाहीत. "कांदा चिरताना बोट कापलं तर?" असं ग्रुपवर विचारलं गेलं, आणि सगळ्या चर्चेतला तो एकच बरा प्रश्न होता. बोट कापलं तर पट्टी लावायची, कणीक टाकून द्यायची. हिपॅटायटिस नसलेल्या बाईनेही तेच करायचं असतं. आणि मुलांची काळजी असेल तर त्यांचं लसीकरणाचं कार्ड काढून बघा. या आजाराची लस सरकारी कार्यक्रमात फुकट मिळते, पहिला डोस जन्मानंतर 24 तासांत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालात 2022 साली भारतात हिपॅटायटिस बी असलेली माणसं 2 कोटी 98 लाख धरली आहेत. म्हणजे शंभरात दोन. बेचाळीस फ्लॅट, दीडशे माणसं, सरासरीने तीन. मावशी तर सोसायटीत राहतच नाहीत. मग ते तिघे कोण, हे ग्रुपवर कुणी विचारलं नाही. अमिताभ बच्चन 1982 च्या अपघातात चढवलेल्या रक्तातून आपल्याला हा आजार झाल्याचं जाहीरपणे सांगतात. ते उद्या सोसायटीत आले तर सेल्फीसाठी लिफ्टपासून गेटपर्यंत रांग लागेल. रिपोर्ट दाखवा, असं कुणी म्हणणार नाही.

इथे असं नाही, हे मी त्या मेसेजमध्ये लिहिलं होतं. पस्तिशीनंतरच्या तपासणीत हाउसआर्त्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टरच, बी आणि सीची चाचणी एकदा करून घेतो, 2021 पासून. चाचणी झाली की कागद त्याच्याकडे आणि तोंड बंद. क्वार्टाल, म्हणजे तिमाही, सुरू झाली की विम्याचं कार्ड घालायचं, रेत्सेप्ट म्हणजे औषधाची चिठ्ठी घ्यायची, निघायचं. कंपनीत कुणी विचारत नाही. हे सगळं खरं आहे. काय लिहिलं नाही, ते आता लिहितो.

मला हिपॅटायटिस बी आहे. 2004 पासून माहीत आहे. पहिल्या नोकरीत रक्तदान केलं आणि दोन आठवड्यांनी रक्तपेढीचं बंद पाकीट आलं.

कंपनीत कुणी विचारत नाही, कारण मी कुणाला सांगितलेलं नाही. वाझनला, म्हणजे कानश्टाटच्या बिअरच्या जत्रेत, सगळ्यांच्या हातात लिटरचा ग्लास असतो, माझ्या हातात अल्कोहोलफ्राय, बिनदारूची बिअर. गाडी चालवायची आहे, असं मी दर वर्षी सांगतो. सातव्या की आठव्या वर्षी एका सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, "तुझ्याकडे गाडी आहे कुठे?" एका दंतवैद्याच्या फॉर्मवर मी खरं लिहिलं, तर पुढची प्रत्येक वेळ दिवसातली शेवटची मिळाली. कामाची क्षमता गेली तर पैसे देणारा विमा उतरवायला गेलो, एका ओळीचं नकाराचं पत्र आलं. भाषा इतकी सभ्य की राग यायलाही शब्दकोश लागला.

आणि गोळी? मी रोज टेनोफोव्हिरची एक गोळी घेतो. ती विषाणूला दाबून ठेवते, हाकलून देत नाही, म्हणून बहुतेकांना वर्षानुवर्षं घ्यावी लागते. माझ्या डब्यावर हैदराबादच्या कंपनीचं नाव आहे आणि तीन महिन्यांच्या डब्याला मी दहा युरो भरतो. 28 जुलै 2018 ला आपल्याकडे सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात याच आजाराची तपासणी आणि औषधं फुकट आहेत. मावशींची फाइल सिव्हिलला उघडली आहे. गोळीपुरतं बोलायचं तर नाशिक श्टुटगार्टच्या पुढे आहे. हे मला मेसेजमध्ये लिहायला सुचलं नाही, किंवा सोयीचं नव्हतं.

मागे आहे ते कायद्यात. एचआयव्ही असलेल्या माणसाला नोकरीवरून काढलं तर 2017 चा कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. हिपॅटायटिसवाल्यासाठी तसा कायदा नाही. मावशींनी कुठे जायचं? मी आईमार्फत त्यांना दोन महिन्यांचे पैसे पाठवले. त्यांनी परत केले. "काम असेल तर सांगा म्हणावं," असा निरोप आला.

आता ताटाचं. आमच्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं घातलेली. आजीचं, आईचं, लग्नात आलेल्या आहेरांवर देणाऱ्यांचं. पाकीट आलं त्या आठवड्यात आई मेन रोडला गेली आणि माझ्या नावाचं ताट, वाटी, पेला करून घेऊन आली. पाहुणे म्हणायचे, लाडका मुलगा हो. धाकट्या भावालाही तसंच वाटायचं, त्याने स्वतःच्या नावाचं ताट मागितलं, ते त्याला मिळालं नाही. माझं ताट वेगळं घासलं जायचं, खिडकीत वेगळं वाळायचं. मी इंजिनिअर, इंटरनेट वाचलेला, मला सगळं कळत होतं. मी त्याच ताटात आठ वर्षं जेवलो आणि एकदाही म्हटलं नाही, आई, याची गरज नाही. तिने ते किती बेमालूम केलं होतं! ते मोडायचं म्हणजे तिच्याशी त्याबद्दल बोलावं लागलं असतं.

त्याहून अवघड गोष्ट पुढे आहे. मोठेपणी लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णवांच्या शरीरातून हा विषाणू निघून जातो. जन्मताना आईकडून आला तर दहापैकी नऊ जणांत मुक्काम ठोकतो. म्हणून नाशिकच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, आईची आणि भावाची तपासणी करून घ्या. भावाची झाली, निगेटिव्ह. शाळेच्या नोकरीसाठी लागते अशी थाप मारून आईनेच त्याला नेलं होतं. स्वतः मात्र आई "नंतर बघू" म्हणाली. वीसहून जास्त वर्षं झाली. तेवढ्यात तिने किती गणपतींचे मोदक केले, किती जणांना वाढलं, मी मोजत नाही. मीही आग्रह केला नाही. इथे बायकोला लग्नाआधी सांगितलं, तिने लस घेतली, मुलीला जन्मल्या दिवशी दिली, सगळं शिस्तीत. नाशिकच्या घरात शिरताना ती शिस्त मी चपलांबरोबर बाहेर काढतो.

तेव्हा काकांचं बरोबर आहे. मी इथे बसून बोलतोय. पण तिथे बसून तर मी काहीच बोललो नव्हतो. चौदा वर्षांपूर्वी मी जर्मनीला पगारासाठी आलो असं सांगतो, आणि पगार होताच. शिवाय लग्नासाठी येणाऱ्या स्थळांसमोर काय सांगायचं हा प्रश्न होता, जो साडेसहा हजार किलोमीटरवरून लहान दिसतो.

सोसायटीच्या ग्रुपवर आईही आहे. ठरावावर सगळ्यांनी अंगठे टाकले, तिने टाकला नाही. विरोधही केला नाही. रविवारी फोन केला तेव्हा म्हणाली, नव्या बाईच्या पोळ्या जाड होतात, मावशींचा हात हलका होता रे. मी म्हटलं, मग बोलाव त्यांना. ती गप्प. मागे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मी म्हटलं, आई, या वेळी आलो की आपण दोघं एकदा तपासणीला जाऊन येऊ.

"डिसेंबरात येतोयस ना नक्की?" ती म्हणाली. "तुझं ताट वर माळ्यावर आहे, काढून ठेवते."

मी हो म्हटलं.