सात ग्रॅमचा प्रश्न

आमच्याकडे दोन बजी, म्हणजे छोटे पोपट, आहेत. निळा बंड्या, पिवळी ठकी. अख्खी सोसायटी त्यांना लव्हबर्ड म्हणते. लव्हबर्ड आफ्रिकेचे, आमचे ऑस्ट्रेलियाचे, हे मी सुरुवातीला लिफ्टमध्येसुद्धा समजावून सांगायचे. आता मीही लव्हबर्डच म्हणते. लेकाला खरं तर मिरची खाणारा, ‘विठू विठू’ करणारा हिरवा पोपट हवा होता. पण आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे कळल्यावर घरातला कायदेभीरू पक्ष जिंकला.

वर्षभर दोघं मजेत होते. मग ठकी जरा फुगून बसायला लागली म्हणून पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेली.

“खायला काय देता?”

“राळे, बाजरी, थोड्या सूर्यफुलाच्या बिया,” मी अभिमानाने म्हटलं.

“म्हणजे तिन्ही त्रिकाळ फरसाण,” डॉक्टर म्हणाले.

आमच्या ह्यांनी लगेच खिडकीबाहेर पाहिलं. त्यांच्या कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आदल्याच आठवड्यात आला होता. नुसत्या बियांत चरबी भरपूर, अ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच, कॅल्शियम जेमतेम; हळूहळू यकृतावर चरबी चढते. तेव्हा निम्मं पेलेट आणि बाकी भाज्या-दाणे, असं ठरलं. एकदम बदलायचं नाही, दाण्यांत मिसळत न्यायचं, आणि रोज सकाळी वजन करायचं.

घरी सासूबाईंनी विचारलं, “पेलेट म्हणजे काय गं?”

“गोळ्या, आई.”

“अगंबाई, इतकं झालंय तिला?”

मका, सोयाबीन वगैरे दळून, वाफवून, दाबून साच्यातून काढतात. मुलं पाकिटातून खातात त्या कुरकुरीत नळ्यांची बहुतेक हीच कृती. फायदा असा की निवडानिवड करता येत नाही. आमचा लेक पोह्यांतले शेंगदाणे तेवढे वेचतो, तसं बंड्या वाटीतल्या सूर्यफुलाच्या बिया वेचतो. पेलेटचा दाणा न् दाणा सारखाच, मग वेचणार काय?

ते आम्हाला दुकानात जाईपर्यंत पटलं होतं. दुकानाच्या पाटीवर ‘कॉकटेल व लव्हबर्ड मिळतील’ असं लिहिलेलं. कॉकटेल म्हणजे कॉकाटील, बजीपेक्षा मोठे तुरेवाले पोपट. त्यांच्याच मापाचं पाकीट दुकानदाराने आम्हाला दिलं. “सगळे खातात, ताई.” हरभऱ्याएवढा एकेक गोळा. ठकीने एक उचलला, चोचीत फिरवला आणि खाली टाकून तो कुठे जातो ते मान वाकडी करून पाहत बसली. मग मी खलबत्ता काढला. रात्री दहाला कुटायला बसले, तर खालच्या मजल्यावरून फोन.

दुसरं पाकीट रंगीत निघालं. निवडानिवड नाही म्हणे! बंड्याने त्यातले लाल तेवढे खाल्ले. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यातल्या कागदावर लालसर ठिपके. माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टरांना फोटो पाठवला. उत्तर आलं : “खाण्यातला रंग आहे. बिनरंगाचं आणा.”

तिसरं पाकीट बिनरंगाचं, बिनसाखरेचं, बारीक दाण्याचं आणि परदेशी. एक किलो, अठराशे रुपये. “बासमतीसुद्धा इतका नाही,” एवढंच बोलून हे आपल्या ओट्सकडे वळले.

आता वजन. बंड्या असतो छत्तीस ग्रॅम. काट्यावर पोह्यांची स्टीलची वाटी ठेवायची, आकडा शून्यावर आणायचा, वाटीत राळ्याचं कणीस ठेवायचं, पुन्हा शून्य. मग बंड्याने वाटीच्या काठावर उतरून आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. तो थांबत नाही. छत्तीस, एकोणतीस, बेचाळीस, शून्य. बंड्या पंख्यावर. (पंखा बंद असतो. स्विचवर आम्ही चिकटपट्टी लावली आहे.) छत्तिसातले तीन-चार ग्रॅम घटले तर काळजीचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. माझे स्वतःचे तीन किलो कधी वाढले हे मला माहीत नाही, पण बंड्याचा एक ग्रॅम घटला की मी बँकेत दोनदा बेरीज चुकते.

सासूबाईंचं वेगळंच. “वाटी भरलेली आहे की! जेवला तो.” वाटी भरलेलीच दिसते, कारण हे बेणं राळा सोलून आतलं खातं आणि टरफल वाटीतच ठेवतं. वर फुंकर मारली की टरफलं माझ्या चष्म्यावर आणि तळाशी पेलेट, जसेच्या तसे.

पक्षी थव्याने खातात. तुम्ही खाल्लंत तर तेही खातील, ही डॉक्टरांची पुढची सूचना. मी पिंजऱ्यासमोर बसून “अहाहा” करत एक पेलेट चावला. सादळलेल्या सातूच्या पिठात पुठ्ठा कालवावा तशी चव. ठकीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी खाली मान घालून उठले.

तीन आठवडे असे गेले. मग एकादशी आली. सासूबाई भगर घेऊन बसल्या होत्या, दोघं पक्षी बाहेर सोडलेले. त्यांनी आपल्या ताटाशेजारी एक छोटी ताटली मांडली, तीत मूठभर ओली कोथिंबीर ठेवली, वर माझी कुटलेली पूड चिमटीने भुरभुरली आणि ताटलीभोवती बोटाने पाणी फिरवलं. बंड्या उतरला. कोथिंबीर ओढता ओढता चोचीला पूड लागली, ती त्याने चाटली. मग ताटलीच पुसून काढली. मागोमाग ठकी.

“तुम्ही नुसतं ठेवता,” सासूबाई भगरीवर आमटी घेत म्हणाल्या. “वाढत नाही.”

तेव्हापासून रोज सकाळी पान वाढलं जातं. बंड्या पस्तीस-छत्तीस ग्रॅमवर टिकून आहे, ठकी फुगणं सोडून भांडायला लागली आहे.

काल मी सहज पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली : उघडल्यापासून सहा आठवड्यांत संपवावे. दोघांचे मिळून दिवसाला फार तर सात ग्रॅम पेलेट जातात. सहा आठवड्यांत तीनशेच्या आत. उरले सातशे ग्रॅम, म्हणजे साडेबाराशे रुपये.

मी हिशेब मोठ्याने केला. ह्यांनी ओट्सचा चमचा खाली ठेवला, पाकीट उचलून चष्म्याजवळ नेलं, घटक वरपासून खालपर्यंत वाचले आणि विचारलं, “दुधात बरं लागेल का गं?”