सर्व्हर शेठचा, रात्र माझी

आमची कंपनी भोसरी एमआयडीसीत. बनवतो स्पेअर पार्ट, पण सध्या जेवणाच्या सुट्टीत विषय एकच, मेल सर्व्हर ठेवायचा की काढायचा. मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरच्या २०१६ आणि २०१९ दोन्ही आवृत्त्यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला बंद केला, आमचा २०१६, म्हणजे नवा सर्व्हर घ्या नाहीतर क्लाऊडवर, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्याच्या भाड्याच्या सर्व्हरवर, जा.

शेठचं म्हणणं, "डेटा आपल्या घरात पाहिजे." आता हे घर म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे सर्व्हर, मेलेला प्रिंटर, गणपतीचं मखर आणि गळणाऱ्या एसीखाली लावलेली बादली. ती कोणी ओतायची, हा वाद हाऊसकीपिंग आणि आयटी या दोन डिपार्टमेंटमध्ये, म्हणजे मावशी आणि मी यांच्यात, अजून चालू आहे. खंडेनवमीला लेथसोबत सर्व्हरचीही पूजा होते, हळदकुंकू, झेंडूचा हार सगळं, आणि मग दिवाळीपर्यंत मी फॅनमधून पाकळ्या उपसत बसतो. "क्लाऊडला हार कुठे घालणार?" या मुद्द्यावर मात्र मी निरुत्तर आहे.

इकडे सुट्टी गुरुवारी, त्यामुळे मेंटेनन्सला लाइट जाणार तीही गुरुवारीच. यूपीएस थोडा वेळ बोंबलतो आणि मान टाकतो. लगेच शेठचा फोन, "मेल बुडाले का रे?" मी समजावतो, नाही शेठ, समोरचा सर्व्हर परत परत पाठवून बघतो, काही तर चार-पाच दिवस हार मानत नाहीत. "म्हणजे चार दिवस बंद असला तरी चालतंय की!" म्हणत शेठनी नव्या बॅटऱ्यांचं कोटेशन ड्रॉवरमध्ये टाकलं.

खरा ताप मेल यायचा नाहीच, जायचा आहे. परचेसच्या कोणाच्या तरी पीसीत व्हायरस शिरला, त्याने रातोरात जगभर औषधांच्या जाहिराती पाठवल्या आणि आमचा आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, ब्लॅकलिस्टमध्ये. सकाळपासून आमची कोटेशनं ५५०चा, म्हणजे 'घेणार नाही'चा, शिक्का घेऊन परत. त्यात फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहू कडक झालेत, मेल खरंच आपल्याच डोमेनचा आहे हे दाखवणारं एसपीएफ किंवा डीकेआयएम पाहिजे, आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारं रिव्हर्स डीएनएस पाहिजे, आणि ते रिव्हर्स डीएनएस आपल्या हातात नसतं, इंटरनेटवाल्याने करून द्यावं लागतं. त्यांच्या कस्टमर केअरला म्हटलं पीटीआर रेकॉर्ड, म्हणजे त्याचीच नोंद, हवाय, तर तिकडून, "सर, एकदा राउटर बंद करून चालू करता का?"

मग होस्टेडचे, म्हणजे क्लाऊडवरच्या मेलचे, रेट काढले. "माणशी? आणि दर महिन्याला?" शेठ खुर्चीत सरळ झाले. लगेच मेल आयडींची यादी मागवली आणि कात्री चालू. वॉचमनचा आयडी निघाला, शेठच्या जावयाचा निघाला (तो तसाच ठेवला), आणि एक निघाला रिटायर झालेल्या स्टोअरच्या काकांचा, जो बंद करता येत नाही कारण चाकणचं एक गिऱ्हाईक आजही ऑर्डर काकांनाच पाठवतं. मी म्हटलं, हा शेअर्ड मेलबॉक्स, म्हणजे अनेकांनी उघडायची एकच मेलपेटी, करू, मायक्रोसॉफ्टकडे ५० जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्स लागत नाही. शेठना एवढंच ऐकू आलं, लागत नाही. "मग सगळ्यांनाच तसला दे ना!" अहो शेठ, तो उघडणाऱ्याला तरी स्वतःचं लायसन्स लागतंच. बरं, सगळ्यांना मिळून एक आयडी हा प्रयोग आमच्या सेल्सने करून झालाय, एकाच चौकशीला दोघांनी उत्तर दिलं, दोन वेगळ्या रेटने, आणि गिऱ्हाइकाने अर्थातच कमी रेटवालं धरलं.

आता शेठचं सगळंच चूक नाही हं. घरच्या सर्व्हरवर इंटरनेट गेलं तरी केबिनमधला मेल स्टोअरला पोचतो, क्लाऊडवर गेलो की शेजारच्या टेबलाचा मेलही बाहेर फिरून येणार. आणि भाडं पुढच्या वर्षी किती वाढेल ते आपण ठरवत नाही. पण ज्या कंपनीत सर्व्हर बघणारा, टोनर बदलणारा आणि सीसीटीव्हीचं फुटेज काढून देणारा माणूस एकच आहे, तिने सर्व्हर पाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तो माणूस मी आहे म्हणून हे म्हणत नाहीये. बरं, म्हणतोय.

शेवटी शेठ तयार झाले. सही करताना पेन थांबलं. "बंद पडलं तर ओरडायचं कोणावर?"

"ओरडायचं नसतं शेठ, तिकीट टाकायचं, म्हणजे तक्रार नोंदवायची. ते नंबर देतात."

शेठनी मान डोलावली, सही केली आणि कोटेशनवर सपोर्टचा नंबर छापला होता तो खोडून शेजारी माझा मोबाईल नंबर लिहिला.