जालन्याच्या भाऊंना, थापीसकट उत्तर

भाऊ, नमस्कार.

जुन्या मोझॅक फरशीवर व्हिनाइलची शीट टाकण्याआधी काय काय करावं यावर मी लिहिलं, त्यावरचं तुमचं म्हणणं तीनदा वाचलं. एकदा सकाळी चहासोबत, एकदा घरच्यांना वाचून दाखवताना, आणि एकदा रात्री झोप येईना तेव्हा. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. यांचे आक्षेप चार. भिंतीची पुट्टी जमिनीवर चालत नाही. फरशीवरचं मेण काढल्याशिवाय गोंद धरत नाही. काळ्या मातीवरच्या घरात मे महिन्यात ओल तपासून उपयोग नाही. आणि चौथा त्यांच्याच शब्दांत: “ज्याने जन्मात थापी धरली नाही, त्याने लोकांना फरशीचे धडे देऊ नयेत.”

आधी पुट्टी. इथं तुमचं बरोबर आहे, माझा शब्द चुकला. भिंतीची पुट्टी पायाखाली टिकत नाही, कपाट सरकवलं की तिचा भुगा होतो. मी सांधे भरायला वापरली ती जमिनीसाठीची सिमेंटची पावडर होती, पॉलिमर मिसळलेली. दुकानदार तिलाही पुट्टीच म्हणतो, मीही म्हणालो. लेखात दुरुस्ती केली आहे. झालं समाधान?

आता थापी.

माझे वडील, अण्णा, फरशी बसवायचे. परभणीत आमच्या भागातल्या निम्म्या घरांत त्यांच्या हातची शहाबादी होती. ते शहाबाद आज कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात आहे. 1948 पर्यंत ते आणि आपण एकाच निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळे ती फरशी आमच्याकडे कधी परकी वाटली नाही. पुढे मोझॅक आली. दहा बाय दहा इंची, चिप्सवाली, बसवल्यावर मशीनने घासायची आणि ऑक्झॅलिक मारून चमकवायची. आमच्या घरातली 1984 ची आहे. ती घासताना उडालेला गाळ अण्णांनी मला पाटीत भरायला लावला होता. तेव्हा मी पाच वर्षांचा.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी नववीत होतो. नंतर पुनर्वसनाची गावं बांधायला निघाली आणि अण्णांना तिकडं काम लागलं. दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी औसा तालुक्यात त्यांच्या हाताखाली काढल्या. घमेली वाहिली, रेती चाळली, थापीही धरली. अण्णांनी ती लगेच हातातून काढून घेतली, ते वेगळं. पण धरली होती. तेव्हा “जन्मात” हा शब्द तुम्ही मागे घ्यावा एवढीच अपेक्षा आहे. पुढे मी बँकेत लागलो म्हणून ते दोन उन्हाळे पुसले जात नाहीत.

आणि थापीने नुसतं सिमेंट लावतात असं तुम्हाला वाटत असेल तर तुमच्याच अनुभवाबद्दल शंका येते. अण्णा थापी उलटी धरायचे आणि लाकडी मुठीने फरशी वाजवून बघायचे. भरीव फरशी टणटण वाजते, पोकळ असली की बद्द आवाज येतो. “फरशी बोलती, तू गप बस आन् आयक,” म्हणायचे. जुन्या फरशीवर काहीही टाकायचं असेल तर पहिलं काम हेच, आणि आजकाल ते कुणी करत नाही. माणूस येतो, टेप लावतो, चौरस फुटाचा हिशेब देतो आणि जातो. मी रात्री जेवणं झाल्यावर पंखे बंद केले, गुडघ्यांवर बसलो आणि हॉलमधली एकेक फरशी वाजवली. साधारण दोनशे चाळीस असतील. तेवीस बद्द निघाल्या. त्यांवर खडूने फुल्या मारल्या. शेजारच्या काकूंना वाटलं, घरात कसली पूजा चाललीय.

त्या तेवीस उचलल्या, खालचा सुटा चुना-वाळूचा थर खरवडला, नव्या मालात पुन्हा दाबून बसवल्या. हे का करायचं? पोकळ फरशी पाय पडला की केसभर हलते. तिच्याभोवतीचा सांधा कितीही चांगला भरा, तो तडकतो, आणि दोन मिलिमीटरच्या शीटवर ती तड वर उमटते. सांध्यांचंही तसंच. मोझॅकचे सांधे बारीक असतात म्हणून लोक सोडून देतात. आमच्या उन्हाळ्यात शीट मऊ पडते, आणि काही महिन्यांत हॉलभर दहा इंची चौकटी दिसायला लागतात, बुद्धिबळाच्या पटासारख्या. एका नातेवाइकांच्या घरी ते पाहिलंय. त्यांच्याकडे काम करणाऱ्याने थापी आयुष्यभर धरली होती, बरं का.

मग पातळी. सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आडवी-उभी फिरवली. दोन मीटरला तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, असा साधारण दंडक आहे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी सहा निघाली. चाळीस वर्षं आई आणि आजी तिथंच वळायच्या. तिथं प्रायमर मारून पातळ लेव्हलिंगचा माल ओतला. तो सकाळी सहाला ओतला, कारण मे महिन्यात दुपारी कालवला तर बादलीतच घट्ट होतो. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच, मापाने. अंदाजाने जास्त घातलं की वरचा थर पिठासारखा सुटतो. आणि दारं खालून रंधून घ्यावी लागली, हे लेखात लिहायचं राहिलं. त्याबद्दल मात्र कुणी बोललं नाही!

मेणाबद्दल. भाऊ, लेखाचा तिसरा परिच्छेद वाचा. वाचून लिहिण्याची पद्धत अजून गेलेली नाही. नुसतं मेणच नाही, आमच्याकडे फरशी पुसायच्या पाण्यात रॉकेल घालायची रीत होती, चमक येते म्हणून. वर्षानुवर्षं मुरलेलं ते तेल गोंदाला धरू देत नाही. धुण्याचा सोडा, गरम पाणी, काथ्या, आणि वर मशीनने हलकी घासणी, एवढं सगळं केलं आणि लिहिलंही. थेंब टाकून बघायचं: पाणी फरशीवर मोत्यासारखं गोल बसलं तर तेल अजून आहे, पसरून मुरलं तर गोंद धरेल.

राहिला मे महिना. ओलीची चाचणी केली होती. दोन फुटी प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवलं, खाली एक थेंब नव्हता. मे महिन्यात केली कारण मुलगा सुट्टीवर मे महिन्यातच येतो आणि कपाटं मला एकट्याला हलत नाहीत. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हे परभणीच्या माणसाला जालन्याहून सांगायला नको. आमच्या परसात वैशाखात भेगेत कोपरापर्यंत हात जातो. जुन्या घरांत फरशीखाली प्लास्टिक नसतं, मुरूम आणि माती असते, हेही ठाऊक आहे. यावर जास्त लिहीत नाही.

तुमच्या बोलण्याचा सूर मात्र खटकला. “लोकांचे पैसे बुडवताय” असं तुम्ही लिहिलंत. मी कुणाकडून पैसा घेत नाही, शीट विकत नाही, दुकान नाही. तुमच्या लिहिण्यावरून तुमचं टाइल्सचं दुकान असावं असं वाटतं. असलं तर आनंदच आहे, पण मग जुनी फरशी उखडायलाच हवी हा तुमचा आग्रह कुठून येतो तेही वाचकांना कळू द्या. नसेल तर माफ करा.

कधी परभणीला आलात तर घरी या. पट्टी घेऊन या, थापी माझ्याकडे आहे, अण्णांची. मूठ झिजलीय पण वाजवायला चालते.

एक सांगायचं राहिलं. देवघराच्या कोपऱ्यात श्रावण लागल्यापासून हातभर शीट उचलली आहे. तिथं आम्ही माठ ठेवायचो आणि कळशी रिकामी करताना पाणी सांडायचं, तेच कारण असणार. माठ बाहेर ठेवला, त्याला तीन आठवडे झाले. कोपरा अजून तसाच आहे. शीट मागे दुमडून परवा तिथल्या उघड्या फरशीवर प्लास्टिकचा तुकडा चिकटवलाय. उद्या सकाळी काढून बघणार आहे. तुम्ही म्हणालात म्हणून नव्हे, घरच्यांनी धोशा लावलाय म्हणून.