खून तिकडं, जबाब इकडं

सांगलीत माणसानं काय वाट्टेल ते विकत घ्यावं, पण चारचौघांच्या नजरेला पडेल असं पुस्तक घेऊ नये. साडी आणली तर लोक किंमत विचारतात, गाडी आणली तर अ‍ॅव्हरेज विचारतात आणि विषय संपतो. पुस्तक आधी मागून नेतात, मग वाचतात आणि मग तुमच्याकडंच खुलासा मागायला येतात.

माझं पुस्तक इंग्रजी, विटेएवढं जाड. काळं मुखपृष्ठ, त्यावर धुकं, लालभडक चंद्र आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘फक्त प्रौढांसाठी’. युरोपातलं कुठलंसं सदा पाऊस पडणारं शहर. तिथं मध्यरात्री एक बाजार भरतो आणि अडलेनडलेले लोक आपली सावली गहाण टाकतात. अशात बिनसावलीची प्रेतं सापडायला लागतात. तपासावर एक बाई इन्स्पेक्टर आणि तिच्या हाताखाली एक हवालदार, जो आधीच मेलेला आहे. याला म्हणे डार्क अर्बन फँटसी क्राइम म्हणतात. म्हणजे भुतांनी पिंपळ विकून शहरात फ्लॅट घेतला की जे होतं ते.

एवढं मला मागच्या कव्हरवरून कळलं. पुढचं सगळं लोकांनी सांगितलं, कारण पुस्तक अजून माझ्या वाट्याला यायचं आहे.

पहिल्यांदा ते गेलं वरच्या मजल्यावरच्या रिटायर्ड फौजदारांकडं. आमच्या विश्रामबागेत ते मॉर्निंग वॉकलासुद्धा गस्तीला निघाल्यासारखे निघतात. पुस्तक परत आलं तेव्हा समासात जागोजागी लाल पेननं लिहिलेलं : ‘पंच?’ ‘वेळ?’ ‘स्टेशन डायरीत नोंद?’ आणि एके ठिकाणी नुसतंच ‘अरेरे’.

“भुतं सोडा,” खुर्चीत बसता बसताच त्यांनी सुरुवात केली. “भुतं असतील तिकडं, आपलं काही म्हणणं नाही. पण पहिल्या प्रेताचा पंचनामा कुठंय? पूर्वीचं कलम एकशे चौऱ्याहत्तर, आताचं एकशे चौऱ्याण्णव. ही बाई प्रेताचा वास घेती आणि म्हणती, खुनी उत्तरेकडं गेला. कोर्टात चालंल का हे?”

“नाही चालणार.”

“मग तुम्ही असलं पुस्तक घेतलंतच कसं?”

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, तेव्हा फौजदार कधीचे पेन्शनीत होते. पण त्यांनी हट्टानं सगळे पाठ केलेत. खुनाला आता तीनशे दोन म्हणायचं नाही, एकशे तीन म्हणायचं, हे ते दूधवाल्यालासुद्धा सांगतात. झडतीचं चित्रीकरण आता सक्तीचं, त्यामुळं त्यांना खरी काळजी सावलीची. सावली जप्त केली तर ती मोबाइलात दिसणार का? सील कशात करायची? आणि मुद्देमाल कारकून ती ठेवणार कुठं, त्याच्या खोलीत तर बल्बच नसतो!

“आणि तो हवालदार,” त्यांचा आवाज एकदम हळवा झाला. “मेल्यावरही ड्युटी करतोय. पगार चालू आहे का फॅमिली पेन्शन, ते लेखकानं लिहिलंच नाही. त्याला एक पोरगा दाखवलाय, बेकार हिंडतोय. अरे, अनुकंपावर लावा की त्याला!”

हे परदेशातलं आहे, तिथं अनुकंपा नसेल, असं मी म्हणून पाहिलं. त्यांनी माझ्याकडं फितूर साक्षीदाराकडं बघावं तसं बघितलं.

तिथून पुस्तक गेलं आमच्या दाजींकडं. त्यांची मार्केट यार्डात हळदीची पेढी. दाजींनी आयुष्यात कादंबरी वाचलेली नाही, पण सावल्यांचा बाजार म्हटल्यावर त्यांना धंद्याचा वास आला. त्यांचं मत एका दमात आलं : “सौदा निघतो, बोली लागती, माल जातो. पण अडत नाही, तोलाई नाही, हमाली नाही. बाजार कसला हा? लेखक यार्डात आलेला नाही कधी.”

“तुम्ही पूर्ण वाचलं?”

“छे, बाजाराचं तेवढं वाचलं. बाकी वेळ कुणाला आहे?”

आता पेढीवरून उठून आलेला माणूस पान उलटतो तेव्हा मागं काय ठेवून जातो, हे फौजदारांच्या शेजारी राहून मला कळायला लागलंय. बाजाराच्या प्रकरणात प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर पिवळाधमक अंगठा होता. त्यानंतर शंभरेक पानं कोरी करकरीत. आणि मग २१२ ते २१९ या पानांवर पुन्हा अंगठे, काही ठिकाणी दोनदोन. त्या पानांत बाजारबिजार काही नाही. मुखपृष्ठावर जी बारीक अक्षरं आहेत ती बहुधा त्या आठ पानांमुळंच. पुसायचा प्रयत्न झालेला दिसत होता. पण २०१८ साली जीआय मानांकन मिळालेली सांगलीची हळद ती, जाते कुठली? बरं, त्याच पानांवर हळदीच्या शेजारी दुसरा एक ठसा होता. बारीक, तेलकट, आमटीचा. आणि ताईनं पुस्तक परत देताना मला ऐकवलं होतं, “असलं आणत जाऊ नकोस रे घरात. मी तर उघडूनसुद्धा बघितलं नाही.”

भाच्यानं मोबाइलवर दोन तुकडे वाचून पाचपैकी साडेतीन दिले. अर्धा कशाचा कापला ते त्यालाही सांगता येईना.

आज्जीला मी गोष्ट तोंडी सांगितली. तिचा राग भुतांवर. “आमच्या भावकीत मुंजा होता. चार पिढ्या एका पिंपळावर काढल्या त्यानं, कधी बदली मागितली नाही. आणि ही तुझी भुतं लिफ्टनं येत्यात व्हय?” ती नाट्यपंढरीतली प्रेक्षक. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं नाटक उभं केलं तेव्हा राक्षस अललडुर्र करत, आरोळ्या ठोकत यायचे. कानात कुजबुजणारा राक्षस सांगलीकरांना अजून पटत नाही.

पण खरी अडचण झाली ती शेवटाची. कादंबरीच्या शेवटी नदी फुगते, शहरात शिरते आणि पाण्यातून काहीतरी अक्राळविक्राळ वर येतं. ही पानं लेखकानं जीव तोडून लिहिली असणार. ती वाचली आमच्या भिलवडीच्या मामांनी.

“फुटाचा आकडा कुठंय?” मामा म्हणाले.

“कसला फूट?”

“पाणी भयानक वाढलं, भयानक वाढलं असं चार पानं लिहितोय बाबा. किती फुटाला आहे ते सांग की! आयर्विन पुलाला चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. आकडा कळल्याशिवाय माणसानं भ्यायचं कसं?”

२०१९ ला सत्तावन्न फुटांच्या वर गेलेलं पाणी ज्यांनी बघितलंय, त्यांना नुसत्या विशेषणांनी घाबरवणं अवघडच. उरलं ते अक्राळविक्राळ. मामांनी वर्णन दोनदा वाचलं. खवले, लांब जबडा, काठावर निपचित पडून वाट बघणं.

“मगर आहे ही,” मामा म्हणाले आणि पुस्तक मिटलं. “आमच्या नदीकाठच्या मळीला रोज दिसती. वनखात्याला फोन करायचा सोडून ती बाई मंतर कसले म्हणतीय?”

दरम्यान खुनी कोण हे मला सगळ्यांनी न विचारता सांगितलंय. फौजदारांच्या मते मेलेला हवालदार, दाजींच्या मते बाजारातला दलाल, मामांच्या मते मगर. ताईनं सांगितलं ते नाव २१२ ते २१९ मधलं होतं, पण ते कुठं ऐकलं, हे तिला म्हणे आठवत नाही.

आता कळतंय की याचे अजून दोन भाग यायचेत. फौजदार स्वस्थ बसेनात. लेखकाला पत्र गेलंच पाहिजे, टायपिंग तुम्ही करा, इंग्रजीही तुम्हीच करा, मजकूर माझा, असं म्हणून ते काल जेवणं झाल्यावर खाली आले. मी लॅपटॉप उघडला. त्यांनी घसा साफ केला.

“मा. लेखक महोदय, स. न. वि. वि. आपली कादंबरी अवलोकनी आली. विषयांकित प्रकरणी तपासात गंभीर त्रुटी आढळून येतात. तरी पुढील भागात पंचनामा दोन प्रतिष्ठित पंचांसमक्ष करावा,” थोडं थांबून त्यांनी विचार केला, “आणि पैकी किमान एक पंच जिवंत असावा.”