स्कोअर काय झाला?

काल समोरच्या बिल्डिंगमध्ये हळद होती. म्हणजे नवऱ्या मुलाला लावायची ती झाली दहा मिनिटांत, मग टेम्पोवर बेस रचून अख्ख्या गल्लीला लावायची ती सुरू झाली. शेजार आहे, जाणं भाग. मी आपला शहाणपणा करून मेडिकलमधून केशरी स्पंजचे इअरप्लग घेतले, चाळीस रुपये जोडी.

ते घालायची पण पद्धत असते बरं का. बोटात वळून वातीसारखं बारीक करायचं, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर ओढायचा, आत सरकवायचं आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट दाबून उभं राहायचं. मांडवाच्या दारात हे करताना माणूस शिक्षा भोगतोय असं दिसतं. मुलाच्या मावशीने विचारलं पण, "काय चुकलं हो?"

खुर्चीत टेकलो तर शेजारचे सफारीवाले काका माझ्या कानाकडे बघत काहीतरी म्हणाले. मी डावा प्लग काढला.

"स्कोअर काय झाला?"

"काका, हे ब्लूटूथ नाहीये. आवाज कमी यावा म्हणून घालतात."

"तेच ते. कितीला पडलं?"

"चाळीस."

"हजार?"

"रुपये!"

काकांनी माझ्याकडे चोरीचा माल विकणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं, माझ्या हातातला प्लग उचलला आणि थेट स्वतःच्या कानात. वरून बोटाने तीनदा दाबला, बटण शोधत असावेत.

"काहीच ऐकू येत नाही याच्यात."

"तेच काम आहे त्याचं!"

"मग घेतलं कशाला?"

याला काय उत्तर द्यायचं? तेवढ्यात त्यांनी पुतण्याला हाक मारली, "ए, याचं जोडून दे रे", आणि तो पठ्ठ्या खरंच मोबाईलमध्ये शोधायला लागला. "काका, लिस्टमध्ये येतच नाहीये, चार्जिंग उतरलं असेल." दोघांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. मग नागीण लागली आणि काका माझा प्लग कानात घेऊन नाचायला गेले.

आता उजवा कान सुरक्षित, डावा देवाच्या भरवशावर. फोनवरचं आवाज मोजायचं ॲप ९७ डेसिबल दाखवत होतं. ॲपचा काटा थोडा इकडेतिकडे असेल, पण कानाला सोसेल असा वेळ ८५ डेसिबलला आठ तास, पुढे दर तीन डेसिबलला निम्मा, या हिशोबाने ९७ ला अर्धाच तास मिळतो. मी जिलेबीसाठी दीड तास बसलो. कानाच्या आत शंखासारख्या भागात केसासारख्या बारीक पेशी असतात, त्या एकदा मेल्या की माणसाला परत येत नाहीत. डोक्यावरचे गेले ते मी सोसलं, निदान ते जाताना कंगव्यात तरी दिसत होते.

आणि नियम काय म्हणतो, तर राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५. सन २००० पासून आहे हा नियम. आमच्याकडे काल दहाचे साडेअकरा झाले. तिसऱ्या मजल्यावर आठ महिन्यांचं बाळ आहे, त्यांनी खिडकीच्या फटीत गोधडी कोंबली होती, मी खालून बघत होतो. कुणी फोन केला नाही. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि मठ्ठ्याचा ग्लास भरून घेतात. मी पण नाही केला, कारण मे महिन्यात आमच्याकडे मुंज आहे आणि मेव्हण्याने हाच टेम्पोवाला ठरवलाय, ॲडव्हान्ससकट.

रात्रभर डाव्या कानात कुकरची शिट्टी चालू होती, गॅस बघायला दोनदा उठलो. सकाळी डेअरीवर काका भेटले. खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली, त्यात माझा प्लग, केशरीचा आता तपकिरी झालेला.

"ऐकू काही आलं नाही रे, पण झोप एकदम मस्त लागली. दुसऱ्या बाजूचा पण दे ना."