एका सेकंदाची डुलकी

जगात जर्मनी, भारतात परभणी. आणि परभणीत थांबण्याची सवय सगळ्यांनाच. मोंढ्यात काट्यासाठी थांबा, घरी नळासाठी थांबा. तेव्हा डेटाबेसलाही जरा थांबायला लावावं असं माझ्या मनात आलं, यात माझा दोष कमी, गावच्या पाण्याचा जास्त. (पाणी आलेलं असेल तर.)

मोंढ्यातल्या एका आडतीचा हिशेब माझ्याकडे आहे. सोयाबीन-तुरीच्या 3,600 जुन्या पट्ट्यांमध्ये, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्यांमध्ये, हमाली-तोलाईचा रकाना दुरुस्त करायचा होता. सगळ्या एकदम बदलल्या तर त्या ओळींना कुलूप लागतं आणि मुनीमजींचं काम अडतं. म्हणून शंभर बदलायच्या, कमिट करायचं (म्हणजे बदल पक्का करून कुलूप सोडायचं), सेकंदभर दम खायचा, पुन्हा शंभर. मायएसक्यूएल या माझ्या डेटाबेसमध्ये त्यासाठी स्लीप नावाचं फंक्शन आहे. कंसात सेकंद लिहा. झोप पुरी झाली की गडी उठून 'शून्य' म्हणतो. एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसचा वेटफॉर डिले त्याहून नमुनेदार: दहा सेकंद समजून '00:10' लिहाल, तर तो दहा मिनिटं घोरतो. त्याच्या लेखी ते तास आणि मिनिटं.

मी या खड्ड्यात पडलो नाही. माझा खड्डा वेगळा होता. स्लीप दोन खेपांच्या मध्ये ठेवायचं सोडून मी ते अपडेटच्या (ओळी बदलायच्या आज्ञेच्या) अटीतच कोंबलं, आणि शंभराची मर्यादा विसरलो. अट तपासली जाते दर ओळीला. म्हणजे दर पट्टीमागं एक डुलकी, आणि कमिट थेट शेवटी.

पुढचा हिशेब मुनीमजींचा फोन वाजल्यावर जमला.

"सर, पट्टी दिसायली, पण उचल जमा होईना. कामून?"

"पुन्हा करून बघा."

"चारदा केलं! पन्नास सेकंद गोल फिरतंय अन् इंग्रजीत शिव्या देतंय. समोर माणसं हायेत हो."

पन्नास सेकंद म्हणजे कुलपासाठी थांबायची ठरलेली मुदत. चाळीस मिनिटं होऊन गेली होती. आणखी वीस मिनिटं धीर धरला असता तर काम झालंही असतं; पण मागून एक खणखणीत आवाज आला, "बिल राहू द्या, आधी माझे पैसे द्या!" मी ती चालू क्वेरी (तीच अपडेटची आज्ञा) मध्येच मारून टाकली. तिनं जाता जाता बदललेल्या चोवीसशे पट्ट्या होत्या तशा करून ठेवल्या.

"झालं का हो?" मुनीमजी.

"झालं. म्हणजे, होतं तसं झालं."

"मग इतका वेळ करत काय होतं ते?"

"झोपलं होतं."

मुनीमजी क्षणभर गप्प. मग फोनवर हात ठेवून त्यांनी गिऱ्हाइकाला सांगितलेलं मला स्वच्छ ऐकू आलं: "दादा, बसा. सर आत्ताच उठलेत."