पिवळा बाण आणि साहेब

कालचा राग अजून उतरला नाहीये म्हणून लिहितेय. आमच्या प्रोग्रॅममध्ये हजारो इनव्हॉइस एकामागून एक घेणारं लूप, त्यात एकाच गिऱ्हाईकाच्या बिलात रुपयाचा फरक. मी कंडिशनल ब्रेकपॉइंट लावला, म्हणजे तो इनव्हॉइस नंबर आला की मगच थांब बाबा, बाकीच्यांना जाऊ दे. थांबला पण नेमका. आणि तेवढ्यात मागून चहाचा कप घेऊन साहेब.

"सरक जरा."

शेजारच्या मुलाला "काय अडलंय रे" असं विचारतात, माझा मात्र थेट कीबोर्डच. असो.

साहेबांच्या कीबोर्डवर एफ-टेन नसावंच. फक्त एफ-इलेव्हन. एफ-टेन म्हणजे ओळ चालवून पुढच्या ओळीवर, एफ-इलेव्हन म्हणजे त्या ओळीतल्या फंक्शनच्या आत. लग्नाच्या हॉलवर प्रत्येक खोलीचं दार ढकलून बघणारे एक काका असतात ना, तसे ते प्रत्येक फंक्शनच्या आत. व्हिज्युअल स्टुडिओ, ज्यात आम्ही कोड लिहितो-तपासतो तो, बिचारा शहाणा, जस्ट माय कोड हे सेटिंग चालू असलं की फ्रेमवर्कच्या, म्हणजे आयत्या मिळालेल्या कोडच्या, आत नेतच नाही, तर यांनी सेटिंगमध्ये जाऊन तेच बंद केलं. "आपल्याला सगळं दिसलं पाहिजे." मग काय, दिसलं. तारीख छापायची साधी ओळ, तिच्यातून जे आत गेलो ते जातच राहिलो.

"साहेब, शिफ्ट एफ-इलेव्हन मारा, बाहेर येऊ."

"थांब गं, आत काहीतरी आहे."

आत मायक्रोसॉफ्टचा कोड होता. तो काय रुपया खाणार आमचा?

शेवटी बाहेर आले ते टोटलची ओळ ओलांडूनच. म्हटलं आता परत रन करावं लागणार. "कशाला?" म्हणाले, आणि माउसने आता कुठली ओळ चालणार ते दाखवणारा पिवळा बाण धरून चार ओळी वर ओढला. आता बाण वर गेला म्हणून काळ काही मागे जात नाही, व्हेरिएबलमध्ये जे जमा झालं ते झालंच. बेरीज परत चालली, रक्कम दुप्पट.

साहेब खुर्चीतून उठले. "बघ! डबल होतंय!"

"अहो, आपण ती ओळ दोनदा चालवली म्हणून."

"मी कुठे चालवली? कोडने चालवली."

यावर काय बोलणार. टेस्टिंगवालीला हाक मारून बोलावलं, तिच्यासमोर बाण परत वर. तिप्पट! "रँडम आहे," साहेब हळूच म्हणाले, "थ्रेडिंगचा इश्यू." म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं एकमेकांत अडकतायत म्हणे. ती माझ्याकडे बघतेय, मी छताकडे. मग डाव्या हाताने एफ-फाइव्ह, म्हणजे 'चालू दे पुढे', दाबून गेले निघून, म्हणजे माझा तो थांबलेला इनव्हॉइसही गेला.

माझा संशय साधा होता, आपण टॅक्स प्रत्येक ओळीवर राउंड करतो आणि गिऱ्हाईक शेवटी एकदाच करतं. पण ते बघायला वेळ कुठे, संध्याकाळी साहेबांचा मेल आलाच, वरच्या सगळ्यांना सीसी, "रूट कॉज सापडला". त्याचं तिकीट, म्हणजे बगची नोंद, माझ्या नावावर, प्रायॉरिटी हाय, आणि त्या नादात कंपनीची बस चुकली, हिंजवडीतून त्या वेळी रिक्षा म्हणजे मागेल तेवढे द्या. तिकिटात 'स्टेप्स टू रिप्रोड्यूस', म्हणजे बग परत कसा दिसेल ते, भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 'पिवळा बाण वर ओढा' एवढं लिहून ठेवलंय, सबमिट केलं नाहीये, कारण अप्रेझलचा फॉर्म यांच्याकडेच जातो.